अंबिकेची इंद्राणी कशी झाली

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जे उत्खनन केले, त्यात जगन्नाथ टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्याखाली प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या एका स्तंभावर रिकामे आसन आहे आणि त्या आसनावर नागाने फणा धरला आहे. शेजारी ब्राह्मी लिपीत त्या नागाचे नाव कोरले आहे : मुचलिंद. बोधीनंतर पावसावाऱ्यात बुद्धाचे रक्षण करणारा हा नाग. स्तूप मातीखाली गेला, टेकडीला दुसऱ्याच देवाचे नाव मिळाले. तरी दोन हजार वर्षांनंतर हा रक्षक स्वतःच्या नावानिशी वर आला, कारण कुणा कारागिराने ते दोन शब्द दगडात लिहून ठेवले होते.

या उत्खननाचा वृत्तांत सिद्ध करणाऱ्यांपैकी शां. भा. देव हे जैन श्रमणसंघाच्या इतिहासाचेही अभ्यासक होते. त्यांचा त्या विषयावरील इंग्रजी ग्रंथ 1956 साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला होता. पवनीच्या नागाजवळून जैन रक्षक देवतांकडे जाण्याची वाट म्हणूनच आम्हाला फारशी आडवळणाची वाटत नाही. वेरूळच्या जैन लेण्यांत पार्श्वनाथावर धरणेंद्र नाग असाच फणा धरतो आणि पद्मावती छत्र धरून उभी असते. मात्र ज्या देवीविषयी येथे लिहायचे आहे ती नागाची सहचरी नव्हे. ती सिंहावर बसलेली, आंब्याखालची अंबिका. बत्तिसाव्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर ती आहे, आणि त्या लेण्याला सगळे जग 'इंद्रसभा' म्हणून ओळखते.

हे नाव आले कोठून? अंबिकेसमोरच्या बाजूला हत्तीवर बसलेला एक यक्ष आहे. हत्ती म्हणजे ऐरावत, ऐरावतावरचा तो इंद्र, आणि मग समोरची स्त्री इंद्राणी, अशी ही सरळ सोपी वजाबाकी-बेरीज. 1880 साली फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी भारतातील लेण्यांवरचा आपला मोठा ग्रंथ काढला तेव्हा हे नाव रूढ झालेलेच होते. छापील पानावर चढल्यावर ते पक्के झाले. शेजारच्या तेहेतिसाव्या लेण्याचे नाव जगन्नाथसभा. पवनीची टेकडी आणि वेरूळचे लेणे दोघांच्याही वाट्याला जगन्नाथच यावा, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटतो.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते येथे पुष्कळ आहे, कारण नावाबरोबर एक कथा पुसली जाते. इंद्राणीला स्वतःची अशी फारशी कथा नाही. ती इंद्राची पत्नी. अंबिकेची कथा जैन परंपरेत अनेक पाठांतरांनी येते, पण गाभा एकच. एका ब्राह्मणाच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक सिद्ध आहे. ब्राह्मणभोजन व्हायच्या आधीच दारी आलेल्या जैन मुनीला घरची सून त्यातले अन्न वाढते. अन्न उष्टावले म्हणून नवरा तिला घराबाहेर काढतो. दोन मुलांना घेऊन ती निघते. मुलांना भूक लागते तेव्हा वठलेला आंबा फळांनी लहडतो. नवरा पस्तावून मागे येतो. तो मारायलाच आला या भयाने ती जीव देते. मरणानंतर ती नेमिनाथाची यक्षी होते आणि नवरा तिचे वाहन, सिंह.

आता मूर्तीकडे पुन्हा पाहावे. फळांनी ओथंबलेला आंबा, जवळ मूल, खाली सिंह. यातले काहीच शोभेसाठी नाही. प्रत्येक गोष्ट कथेतला एकेक प्रसंग आहे. विशेषतः तो सिंह. देवीच्या पायांशी वाहन पाहण्याची आपल्या डोळ्यांना इतकी सवय झाली आहे, की हे वाहन एके काळी तिला घराबाहेर काढणारा नवरा होता हे कळले म्हणजे क्षणभर थबकायला होते. इंद्राणी म्हणून पाहणाऱ्याला हा सिंह नुसता सिंह दिसतो.

लेण्यात लेखन नाही असे नाही. याच लेण्यातील शांतिनाथाच्या प्रतिमेवर ती घडवणाऱ्या सोहिल नावाच्या ब्रह्मचाऱ्याचा उल्लेख आहे. वर डोंगरावरील पार्श्वनाथाच्या मूर्तीवर शके 1156 चा, म्हणजे 1234-35 चा लेख असून त्यात चक्रेश्वर या दात्याचे नाव आहे. तीर्थंकर आणि दाते यांची नावे लिहिली गेली. रक्षक देवीचे लिहिण्याची गरज कुणाला वाटली नसावी, कारण पाहणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. कथा सांगणारे आसपास असेपर्यंत मूर्तीला पाटी लागत नाही.

या देवींना तत्त्वज्ञानात स्थान दुय्यम. तीर्थंकर वीतराग, तो नवसाला पावत नाही, कोपतही नाही. मग मूल, पाऊस, आजार यांचे गाऱ्हाणे कुणापुढे घालायचे? ते यक्षीपुढे. जैनांनी लोकदेवीला अव्हेरले नाही, तिला अटी घालून आत घेतले. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात दहाव्या शतकात लिहिणाऱ्या पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य या दृष्टीने जरूर पाहावे. देवीपुढे पिठाचा कोंबडा मारला, एवढ्या संकल्पाच्या हिंसेचेही फळ त्यात जन्मोजन्मी भोगावे लागते. पी. एल. वैद्यांनी संपादित केलेले हे काव्य 1931 साली विदर्भातल्याच कारंजाच्या ग्रंथमालेत छापले गेले. मराठीच्या पूर्वपीठिकेत अपभ्रंशाचा धडा आपण व्याकरणापुरता शिकवतो. त्यातल्या देवीपर्यंत वर्ग सहसा पोहोचत नाही.

अशा स्थळांविषयी 'मूळचे कुणाचे?' हा प्रश्न हल्ली फार तावातावाने विचारला जातो. त्या वादात उतरण्याची आम्हाला हौस नाही. सिंह दिसला की दुर्गा, हत्ती दिसला की इंद्र, हे कुणी कपटाने केलेले नसते. भाविकाने आपल्याजवळ असलेल्या कथेने दगड वाचलेला असतो. पण अध्यापकाला ती सवलत नाही. सहलीला नेलेल्या मुलांपुढे इंद्रसभा हे नाव जरूर घ्यावे, ते आता लेण्याचे नावच आहे. मग वरच्या मजल्यावर न्यावे आणि सिंह कोण ते विचारावे.