अम्मीच्या पेटीतला डॉलर

लोणारच्या आमच्या घरी अम्मीच्या लोखंडी पेटीत चांदीचं एक मोठं नाणं होतं. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या नानांनी, ते मुंबईहून आणलेलं. नाना तिथे गोदीत कामाला होते. नाण्यावर अरबी वळणाची अक्षरं, म्हणून अम्मीच्या लेखी ती आयतच. घरात कुणाला ताप आला की बिस्मिल्ला म्हणून ती ते कपाळाला लावायची.

पुढे मुलीच्या फीसाठी चांदी मोडायची वेळ आली. अम्मीचे तोडे आणि हे नाणं घेऊन मी ओळखीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी दुसरी बाजू पाहिली. हाती त्रिशूळ घेऊन उभी असलेली स्त्री. ते म्हणाले, "सर, ही तर देवी दिसते. हे मोडायला माझा हात धजत नाही."

घरी आलो आणि भिंग घेऊन बसलो. 'देवी'च्या दोन्ही अंगांना इंग्रजीत 'वन डॉलर' आणि खाली १९०२ हे साल. मागच्या बाजूची अक्षरं उर्दूच्या सवयीने लावू लागलो : सीन, अलिफ, ते. सात! एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला सात, हा कुठला हिशेब? पुढच्या शब्दात ऐनवर तीन नुक्ते. असं अक्षर उर्दूत नाही. ते मलाय भाषेचं. आपल्या उच्चारांसाठी मलाय लोकांनी अरबी लिपीत जादा अक्षरं घातली. त्या लिपीला जावी म्हणतात. मलायमध्ये 'सातू' म्हणजे एक. नाण्यावर लिहिलं होतं, 'सातू रिंगित', म्हणजे एक डॉलर. रिंगित म्हणजे दातेरी. जुन्या स्पॅनिश डॉलरच्या कडेवरून पडलेलं हे नाव मलेशियाच्या चलनाने आजही जपलं आहे.

म्हणजे ती आयत नव्हती आणि देवीही नव्हती. ती स्त्री ब्रिटानिया, ब्रिटनचं प्रतीक. हाँगकाँग, सिंगापूर, पिनांग इथल्या बाजारांत मेक्सिकोचे डॉलर चालत, पण ते पुरत नसत. इकडे १८९३ साली सरकारने लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केल्याने हिंदुस्थानातल्या टांकसाळींचं काम घटलं होतं. तेव्हा १८९५पासून पूर्वेकडचा हा व्यापारी डॉलर मुंबई आणि कलकत्त्याला पाडला जाऊ लागला. वजन सुमारे २७ ग्रॅम, त्यात नव्वद टक्के चांदी. १९३७मध्ये तो चलनातून बाद झाला. आमच्या नाण्यावर त्रिशूळाच्या मधल्या टोकात इवलासा 'बी' आहे. बी म्हणजे बॉम्बे! दूरदेशीचं समजत होतो ते नाणं फोर्टातल्या टांकसाळीतलं निघालं.

लिपी पाहून धर्म ठरवायची आपल्याला फार घाई असते. पेशवाईतला अंकुशी रुपयाही फारसी अक्षरांत मोगल बादशहाचं नाव घेऊनच बाजारात फिरत होता. मी मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर लोक चमकतात, तेव्हा मला हा रुपया आठवतो.

अम्मीला हे सांगणं जिवावर आलं होतं. तरी सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणालो, "अम्मी, अगदी मधोमध एक चिनी अक्षर आहे. त्याचा अर्थ दीर्घायुष्य."

तिने नाणं माझ्या हातून घेतलं आणि म्हणाली, "फिर मैं अलग क्या कह रही थी?"

फी तोड्यांतून भागली. नाणं पेटीतच आहे.