हॅनोव्हरची सोफिया (1630–1714) : नाती, वारसा आणि सत्ता



लायब्निझ हे नाव तुम्हाला कॅल्क्युलसमुळे माहीत असते. इंटिग्रेशनचे लांबट चिन्ह त्याचेच. पण 1685 मध्ये हॅनोव्हरच्या ड्यूकने या गणितज्ञाला नेमून दिलेले काम वेगळेच होते : राजघराण्याचा इतिहास लिहिणे. त्यासाठी तो जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटलीतील दप्तरे धुंडाळत फिरला. इटलीतील एस्टे घराणे आणि हॅनोव्हरचे घराणे यांचे मूळ एकच आहे, हे त्याने जुन्या पुराव्यांवरून दाखवले.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्याकडे जमिनीच्या वादात वारसनोंदीला जे महत्त्व असते, तेच त्या काळच्या युरोपात वंशावळीला राज्याच्या बाबतीत होते. कोण कोणाचा कोण, यावर प्रदेश, पदव्या आणि मुकुट ठरत. हे समजून घेण्यासाठी या टिपणात आपण त्याच ड्यूकच्या पत्नीचे, सोफियाचे, चरित्र पाहू. लायब्निझचा तिच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार होता.

1. माहेर : मान मोठा, राज्य नाही

सोफियाचे वडील फ्रेडरिक पाचवा हे राइन नदीकाठच्या पॅलॅटिनेट प्रदेशाचे इलेक्टर होते. पवित्र रोमन सम्राटाची निवड ज्या मोजक्या राजांच्या मताने होई, त्यांना ‘इलेक्टर’ म्हणत. आई एलिझाबेथ स्टुअर्ट ही इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याची मुलगी. 1619 मध्ये फ्रेडरिकने बोहेमियाचा मुकुट स्वीकारला, पण पुढच्याच वर्षी प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत तो हरला. हातचा पॅलॅटिनेटही गेला. कुटुंबाने हॉलंडमध्ये आश्रय घेतला आणि तेथे, द हेग शहरात, 14 ऑक्टोबर 1630 रोजी सोफियाचा जन्म झाला. तेरा भावंडांत ती बारावी.

या भावंडांची नावे इतिहासात वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात. थोरली बहीण एलिझाबेथ हिने देकार्तला मन आणि शरीर यांच्या संबंधाविषयी अवघड प्रश्न विचारले. भाऊ रुपर्ट इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या घोडदळाचा सेनापती होता. आणि 1649 मध्ये ज्याचा शिरच्छेद झाला तो राजा पहिला चार्ल्स हा या भावंडांचा सख्खा मामा.

2. विवाह : वाङ्निश्चय एका भावाशी, लग्न दुसऱ्याशी

सोफियाचा विवाह आधी जॉर्ज विल्हेल्म या ब्रुन्सविक-ल्युनेबुर्ग घराण्यातील ड्यूकशी ठरला होता. त्याने माघार घेतली आणि आपल्या जागी धाकटा भाऊ अर्न्स्ट ऑगस्ट याला पुढे केले. राज्य धाकट्याच्या वंशाकडे जावे म्हणून आपण कधीच लग्न करणार नाही, असे त्याने लिहून दिले. 1658 मध्ये सोफिया आणि अर्न्स्ट ऑगस्ट यांचे लग्न झाले. वधू बदलली नाही, वर बदलला आणि करार कायम राहिला. लग्न ही दोन घराण्यांमधील व्यवस्था कशी होती, हे यावरून लक्षात येईल.

जॉर्ज विल्हेल्मने पुढे वचन मोडले. एलिओनोर द ओल्ब्र्यूझ या फ्रेंच सरदारकन्येशी त्याने लग्न केले. त्यांची मुलगी सोफिया डोरोथिया. तिचा विवाह 1682 मध्ये आपल्या सोफियाचा थोरला मुलगा जॉर्ज लुडविग याच्याशी लावण्यात आला. वधू-वर सख्खे चुलत भावंडे. म्हणजे सोफियाचा एके काळचा नियोजित वर आधी तिचा दीर झाला आणि मग व्याही! हेतू सरळ होता : सेल आणि हॅनोव्हर ही दोन राज्ये एका हाती यावीत. 1705 मध्ये जॉर्ज विल्हेल्म वारल्यावर तसेच झाले.

3. नात्यांची किंमत कोणी मोजली?

राज्य वाटले गेले तर दुबळे होते, म्हणून अर्न्स्ट ऑगस्टने ज्येष्ठाधिकार लागू केला. सर्व प्रदेश थोरल्या मुलाला, धाकट्यांना काही नाही. 1692 मध्ये हॅनोव्हरला इलेक्टरपद मिळाले, त्यामागे हा निर्णयही होता. पण धाकट्या मुलांना परक्या सैन्यात नोकरी धरावी लागली. सोफियाच्या सहा मुलांपैकी तिघे युद्धात मेले.

सुनेची कहाणी अधिक दुःखद आहे. सोफिया डोरोथियाचे लग्न सुखाचे नव्हते. क्योनिग्समार्क या स्वीडिश सरदाराशी तिचे प्रेमसंबंध उघडकीस आले. जुलै 1694 मध्ये तो राजवाड्याच्या परिसरातून कायमचा नाहीसा झाला. तिचा घटस्फोट करण्यात आला आणि तिला आल्डेनच्या वाड्यात स्थानबद्ध केले गेले. 1726 मध्ये मृत्यू येईपर्यंत, तीस वर्षांहून अधिक काळ, ती तेथेच राहिली. तिला आपल्या दोन्ही मुलांना भेटू दिले नाही. पती जॉर्ज लुडविगलाही प्रेयसी होती, पण त्याला शिक्षा झाली नाही. घराण्याची शुद्धता पत्नीच्या वर्तनावर मोजली जाई, पतीच्या नव्हे.

4. बारावे अपत्य वारस कसे ठरले?

1700 मध्ये इंग्लंडमध्ये पेच निर्माण झाला. राजा तिसरा विल्यम निपुत्रिक होता. त्याच्यानंतर गादीवर येणाऱ्या अ‍ॅनचा एकुलता जिवंत मुलगा त्या वर्षी वारला. 1688 च्या क्रांतीत पदच्युत झालेला दुसरा जेम्स आणि त्याचा मुलगा कॅथलिक असल्याने इंग्लिश संसदेला नको होते. तेव्हा पहिल्या जेम्सच्या वंशात प्रॉटेस्टंट कोण उरले, याचा शोध झाला.

सोफियाच्या भावंडांपैकी काहींना औरस अपत्य नव्हते. भाऊ एडवर्ड कॅथलिक झाला होता, त्याच्या मुलीही कॅथलिक. थोरल्या भावाची मुलगी लिझेलोटे हिने फ्रान्सच्या राजाच्या भावाशी लग्न करताना धर्म बदलला होता. अशा रीतीने नात्याने जवळच्या पन्नासहून अधिक व्यक्तींना वगळून 1701 च्या ‘अ‍ॅक्ट ऑफ सेटलमेंट’ने सोफिया आणि तिच्या प्रॉटेस्टंट वंशजांना वारस ठरवले. तेव्हा ती सत्तर वर्षांची होती आणि अ‍ॅन तिच्याहून चौतीस वर्षांनी लहान. अ‍ॅनचे वडील सोफियाचे मामेभाऊ, म्हणजे आपल्या भाषेत सोफिया तिची आत्या लागत होती.

8 जून 1714 रोजी हेरेनहाउझेनच्या आपल्या आवडत्या बागेत फिरताना सोफिया कोसळली आणि वारली. वय 83. सुमारे दोन महिन्यांनी राणी अ‍ॅनही वारली. थोडक्यात चुकलेला मुकुट जॉर्ज लुडविगला मिळाला. तोच इंग्लंडचा पहिला जॉर्ज.

5. भारताच्या इतिहासाशी दुवा

पुढील साखळी लक्षात ठेवा : सोफिया – पहिला जॉर्ज – दुसरा जॉर्ज – फ्रेडरिक (गादीवर येण्याआधीच मृत्यू) – तिसरा जॉर्ज – एडवर्ड, ड्यूक ऑफ केंट – व्हिक्टोरिया. प्लासीची लढाई (1757) झाली तेव्हा इंग्लंडच्या गादीवर दुसरा जॉर्ज होता. रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट (1773) आणि पेशवाईचा शेवट (1818) तिसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीतले. 1858 चा जाहीरनामा निघाला तो सोफियापासून सातव्या पिढीतील व्हिक्टोरियाच्या नावाने.

6. समारोप

सोफियाचा इंग्लंडवरचा हक्क आईकडून आलेला होता. मात्र हॅनोव्हरमध्ये पुरुष वारस असेपर्यंत स्त्रीला गादी मिळत नसे. म्हणून 1837 मध्ये व्हिक्टोरिया ब्रिटनची राणी झाली, पण हॅनोव्हर तिच्या काकाकडे गेले आणि दोन्ही राज्यांची 123 वर्षांची जोड तुटली.

वंशावळीच्या तक्त्यात स्त्रिया बहुधा ‘अमक्याची पत्नी, तमक्याची आई’ एवढ्याच उरतात. सासू आणि सून यांची चरित्रे शेजारी ठेवून पाहा. नात्यांच्या ज्या हिशेबाने एकीला सिंहासनाच्या दारापर्यंत नेले, त्यानेच दुसरीला आयुष्यभर बंद दाराआड ठेवले. हक्क दोघींमधून वाहिला. सत्ता मात्र दोघींच्याही हाती आली नाही. म्हणून यापुढे एखादा वंशवृक्ष समोर आला की राजांच्या नावांमधल्या रेषाही वाचा.

स्वाध्याय

1. जर्मन राज्यांच्या दृष्टीने ज्येष्ठाधिकाराचे फायदे आणि तोटे सांगा.
2. 1701 च्या कायद्यात रक्ताच्या नात्यापेक्षा धर्म वरचढ का ठरला?
3. तुमच्या प्रदेशातील एखाद्या राजघराण्याची वंशावळ घ्या. तीत स्त्रियांची नावे कोठे येतात आणि कोठे गळतात, ते नोंदवा.