तिसरे घुसखोरी भुयार : पुरावा आणि अंदाज

कोरियातील निर्लष्करी पट्ट्याखाली खोदलेली चार भुयारे आजवर उघडकीस आली आहेत. शांततामय एकीकरणाची ग्वाही देणारे दोन्ही कोरियांचे संयुक्त निवेदन ४ जुलै १९७२ चे. पहिले भुयार सापडले नोव्हेंबर १९७४ मध्ये. पान्मुन्जॉमनजीकचे तिसरे भुयार ऑक्टोबर १९७८ मध्ये आढळले. ते सुमारे १,६३५ मीटर लांब, जमिनीखाली ७३ मीटर खोल असून सीमांकन रेषा ओलांडून ४३५ मीटर दक्षिणेस आले आहे.

शिरस्त्राण घालून, वाकून चालणाऱ्या अभ्यागतास भिंतींवर काळा लेप दिसतो. ही कोळशाची खाण, असा उत्तर कोरियाचा दावा होता. परंतु खडक ग्रॅनाइटचा आहे आणि ग्रॅनाइटात कोळसा सापडत नाही, हे भूशास्त्राचा नवखा विद्यार्थीही सांगेल. सुरुंगांची छिद्रेही दक्षिणेकडे रोखलेली आहेत. येथवर पुरावा निःसंदिग्ध आहे.

तासाला ३०,००० सैनिक येथून येऊ शकले असते, हे दक्षिण कोरियाचे विधान मात्र निराळ्या कोटीतले. जेमतेम २ मीटर रुंदीच्या भुयाराविषयीचा तो लष्करी अंदाज आहे, खडकावरची खूण नव्हे. इतिहासाच्या अध्यापकाने या दोहोंची गल्लत करू नये. काँक्रीटच्या तीन भिंतींनी वाट अडविलेली आहे. जेथून खोदकाम सुरू झाले, तो पलीकडचा भाग येथून पाहता येत नाही.