चाकाची रुंदी आणि बैलाची मान

कुंडलमध्ये इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की श्रोते प्रतिसरकारची, तुफान सेनेची, जी. डी. बापूंची वाट बघत बसतात. बसावंच. पण आज आम्ही चाकाविषयी बोलणार आहोत, आणि त्याचं निमित्त घरातलंच आहे.

आमच्या पुतण्याच्या मुलानं पुण्याहून एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली. आल्या आल्या कंपनीची चाकं काढून रुंद अलॉय आणि त्यावर रुंद टायर चढवले. दिवाळीत गाडी अंगणात लावून म्हणाला, "आबा, आता बघा गाडी रस्त्याला कशी धरतीय. टायर रुंद, म्हणजे रस्त्यावर रबर जास्त."

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. कुणी 'म्हणजे' म्हटलं की आमचे कान उभे राहतात. आम्ही त्याला कागद-पेन्सिल आणायला सांगितली. गाडीचं वजन १२०० किलो धरू, म्हणजे एका चाकावर ३००. टायरमध्ये हवा ३० पाउंड, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो दाब. ३०० ला २.१ नं भागलं की १४३ चौरस सेंटिमीटर येतात. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा तुकडा. अख्खी गाडी अशा चार तुकड्यांवर उभी असते. आता टायर रुंद केला, पण वजन तेच आणि हवाही तेवढीच, तर तुकडा मोठा कसा होईल? रबराच्या ताठपणानं थोडा फरक पडतो, पण ढोबळ हिशेब हाच. तुकडा तेवढाच राहतो, आकार बदलतो. आधी लांबट होता, आता आडवा आणि आखूड झाला.

मुलगा हिरमुसला. पण त्याचं म्हणणं साफ चूक नव्हतं. आडव्या तुकड्यामुळे वळणावर गाडी लवकर आणि नेमकी वळते. शिवाय घर्षण हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हा आमोंतोंनी १६९९ साली मांडलेला नियम रबर काटेकोरपणे पाळत नाही. शर्यतीच्या गाड्यांचे टायर रुंद असतात ते उगीच नाही. पण किंमत मोजावी लागते. पावसात साचलेलं पाणी रुंद टायरला लवकर बाजूला सारता येत नाही, आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी घसरू शकते. चाक बाहेर आलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो. चाकाचा व्यास बदलला तर वेगाचा काटाही खोटं सांगायला लागतो. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलात असे बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलेलं आहे.

गाडीचं एवढं पुरे. आमच्या मनात राहिला तो वेगळा प्रश्न. चाक रुंद केल्यानं जो फायदा होतो, तो जातो कुणाकडे?

आपल्या दख्खनच्या गाड्यांपासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथल्या गाड्या अगदी ओबडधोबड होत्या. चाक म्हणजे लाकडाचा भरीव गोल, कुठं तर दगडाचासुद्धा. ती ओढायला बैलांच्या दोन-चार जोड्या लागायच्या, म्हणून माल बहुतेक बैलांच्या पाठीवरून जायचा. १८३० च्या दशकात महसुली मोजणीच्या कामावरच्या लेफ्टनंट गेसफर्ड यांनी टेंभुर्णीला सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला. एका जोडीला ओढता येईल आणि शेतकऱ्याला परवडेल अशी गाडी. आपण आज जिला जुनी, परंपरेची बैलगाडी म्हणतो, तिचा या भागातला प्रसार एवढा अलीकडचा आहे.

त्या चाकाचे शब्द तरी आठवतात का? तुंबा, आरे, पुठ्ठे, आणि बाहेरून लोखंडी धाव. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र आवाज झाला की चाक आवळून बसायचं. लहानपणी हे बघायला आम्ही शाळा बुडवलेली आहे. ही धाव जेमतेम दोन इंचांची. भरलेली गाडी काळ्या रानात गेली की अरुंद धाव सुरीसारखी आत रुतायची आणि रस्त्याला खोल चर पडायचा. त्या चरालाच आपण चाकोरी म्हणतो. ज्याला आपण चाकोरीतला माणूस म्हणून नावं ठेवतो, तो शब्द या अरुंद चाकानं मराठीला दिलेला आहे.

याच्यावर रुंद चाक हा उपाय इंग्लंडनं फार आधी करून पाहिला होता. १७५३ च्या कायद्यानं टोलरस्त्यांवरच्या मालगाड्यांना नऊ इंच रुंद चाकं लावायला सांगितली. हेतू असा, की चाकानं रस्ता फाडू नये, उलट रुळासारखा दाबावा. रुंद चाकवाल्यांना पुढं टोलमध्ये सवलत मिळाली, जास्त वजनाची मुभा मिळाली. वाहतूकदारांनी काय केलं असेल? वजन वाढवलं. चाकंसुद्धा निमुळती करून घेतली, दिसायला नऊ इंच आणि टेकायला त्याहून कमी. रस्त्यासाठी आणलेली सुधारणा मालाच्या खात्यावर जमा झाली.

हवेचं चाक आलं ते मात्र वेगळ्या वाटेनं. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ लाच त्याचं पेटंट घेतलं होतं, पण ते चाललं नाही. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी ते पुन्हा शोधलं. डनलॉप हे जनावरांचे डॉक्टर होते, हे आम्हाला फार गमतीचं वाटतं. आणि त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना आपल्या कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. कुंडल रोडचं किर्लोस्करवाडी झालं ते त्यानंतर. लोखंडी नांगरानं जमिनीत विष पसरतं, असं म्हणणारे शेतकरी तेव्हा होते. त्यांना हसू नका. नव्या अवजाराचा फायदा कुणाला आणि भार कुणावर, हा संशय अगदीच अडाणीपणाचा नव्हता.

रबरी टायर बैलगाडीला लागला आणि आपली टायरगाडी झाली. लोखंडी आख, बेअरिंग, ट्रकचे टायर. आज उसाच्या हंगामात आपल्या क्रांती कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहा, नुसती रांग दिसेल. रस्त्याला चर पडत नाही, धक्के कमी, खडखडाट नाही. कागदावर बैलाला केवढा आराम! पण इथंही कागद-पेन्सिल घेऊ.

लाकडी गाडीत एक टन भरला तर खराब रस्त्यावर ढोबळ ४० किलोची ओढ लागते. टायरगाडीला डांबरी सपाटीवर टनाला २० किलो पुरते. म्हणजे ओढ निम्मी झाली. पण टायरगाडीत एक टन कुणी भरत नाही, अडीच-तीन टन भरतात. तीन टनांना ६० किलो. बैलजोडीचं वजन ८०० किलो धरलं, तर तिला दिवसभर सोसेल अशी ओढ वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ८० किलो. सपाटीवर निभावलं म्हणायचं. आता वीसास एक असा चढ घ्या. चढाला चाक रुंद की अरुंद, रबरी की लोखंडी, काही कळत नाही. त्याला फक्त वजन कळतं. एका टनाला ५० किलो जादा लागतात, तीन टनांना १५०. जुनी गाडी चढावर ९० किलो मागायची, नवी २१० मागते. आणि उतारावर? गाडीला ब्रेक नाही, ब्रेक म्हणजे बैलाचीच मान.

शर्यतीच्या गाडीचं बघा. २०१४ ते २०२१ शर्यती बंद होत्या, मग सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि २०२३ मध्ये घटनापीठानं कायदाही वैध ठरवला. त्या वादात आज शिरत नाही. पण शर्यतीची गाडी जेवढी हलकी करता येईल तेवढी करतात, कारण तिथं बैलानंच जिंकायचं असतं. उसाच्या गाडीत टनावर पैसे मिळतात. बीडकडून आलेलं जोडपं उचल फेडण्यासाठी खेप वाढवतं, आणि त्यांना दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही.

२०२२ साली इस्लामपूरजवळच्या राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी 'सारथी' नावाचा प्रकल्प केला. गाडीच्या पुढे, दोन बैलांच्या मध्ये, एक लहान तिसरं चाक. पुढचा भार ते घेतं, बैलाच्या मानेवरचं ओझं उतरतं. गाडीच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात चाकाचा विचार करताना आधी मान बघितलेली अशी उदाहरणं फार नसतील. आम्हाला मनापासून आनंद झाला.

त्या आनंदात गेल्या हंगामात आम्ही जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या गाडीतळावर चहा घेताना शेजारच्या गाडीवानाला हे सगळं समजावून सांगितलं. बैलांच्या खांद्याला हळद लावून तो बसला होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चांगलं हाय की, सर. पर ते चाक लावल्यावर खेप हाय तेवढीच ऱ्हाईल का?"

आम्ही काही बोलायच्या आत वजनकाट्यावरून त्याचा नंबर पुकारला आणि तो उठून गेला.