'जेडेड' : दमणं वेगळं, विटणं वेगळं

"डॉक्टर, झोप होते, जेवण जातं, पण कशातच मन लागत नाही." तुम्हीही कधी असं म्हटलं असेल. या अवस्थेसाठी इंग्रजीत एक नेमका शब्द आहे : जेडेड.

हा शब्द हिरव्या जेड खड्यावरून आला असेल, असं वाटतं. तसं नाही. त्या खड्याचं नाव स्पॅनिश भाषेतल्या 'कूस' या अर्थाच्या शब्दावरून पडलं, कारण तो जवळ ठेवल्यास कुशीतलं दुखणं बरं होतं अशी समजूत होती. 'जेडेड'मधला 'जेड' म्हणजे राबवून राबवून निकामी झालेलं घोडं. १४व्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे. पुढे साधारण १६००च्या सुमारास तो माणसांनाही लागला. आधी अतिकामाने थकलेला, मग कोणत्याही गोष्टीच्या अतिरेकाने विटलेला.

आपल्याकडेही 'दमलो' आणि 'विटलो' हे दोन वेगळे शब्द आहेतच. दमलेला माणूस रात्रभर झोपला की ताजातवाना होतो. विटलेल्याला नुसती झोप पुरत नाही.

वैद्यकशास्त्राने या थकव्याला वेळोवेळी नावं दिली. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. जॉर्ज बिअर्ड यांनी 'न्यूरास्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, ही कल्पना मांडली. उपचार म्हणून ते सौम्य विद्युतप्रवाह देत. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांची अवस्था पाहून 'बर्नआउट'वर लेख लिहिला. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणं नोंदवली : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि कामाचा उरक कमी होणं. मात्र त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं.

तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी. पहिली, 'मला बर्नआउट झालंय' असं स्वतःच ठरवू नका. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं आणि नैराश्य यांतही असाच थकवा येतो. आधी तपासून घ्या. जगणंच नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

दुसरी, तपासण्या ठीक आल्या तर टॉनिकच्या बाटलीचा हट्ट धरू नका. थकलेल्या घोड्याला नुसता खुराक वाढवून भागत नाही, पाठीवरचं ओझंही उतरवावं लागतं. तुमच्या पाठीवर काय काय आहे, ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.