तीन पदरांचा दोर

१९५२ साली मद्रास विद्यापीठाने भौतिकशास्त्राच्या विभागाची धुरा जी. एन. रामचंद्रन यांच्याकडे सोपवली, तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. बंगळुरात सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली शिक्षण झालेले आणि केंब्रिजमध्ये डॉक्टरेट मिळवून परतलेले हे संशोधक नव्या विषयाच्या शोधात होते. त्याच वर्षी मद्रासला आलेले ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल बोलण्याच्या ओघात म्हणाले की, कोलॅजेनच्या रचनेचे कोडे अद्याप कोणालाही समाधानकारकपणे सुटलेले नाही.

त्वचा, कंडरा, अस्थी, कूर्चा यांना बळकटी देणारे हे प्रथिन. कातडे कमावणे म्हणजे प्रत्यक्षात कोलॅजेनलाच टिकाऊ करणे. आणि केंद्रीय चर्म संशोधन संस्था विद्यापीठाच्या गिंडीतील आवाराला अगदी लागून होती. तेथून कांगारूच्या शेपटीतील कंडरा मिळाली. तिचे तंतू क्ष-किरणांखाली सुस्पष्ट चित्र देत. गोपीनाथ कर्था यांच्यासह रामचंद्रन यांनी ऑगस्ट १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली. पुढच्या वर्षी त्यांनी तिच्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली : तिन्ही साखळ्या एकमेकींभोवतीही पिळलेल्या आहेत.

या रचनेला वेणी म्हणण्याचा मोह होतो. पण वेणीचे पेड आळीपाळीने एकमेकांवरून जातात. येथील ठेवण दोराची आहे. प्रत्येक साखळीचा पीळ डावा आणि तिघींचा मिळून पीळ उजवा. दोर वळणारा पदराला एक पीळ व दोराला उलटा पीळ देतो, म्हणून दोर उकलत नाही. दोराच्या गाभ्यात जागा इतकी अरुंद की तेथे केवळ ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल मावते. कोलॅजेनमध्ये जवळजवळ एक-तृतीयांश ग्लायसिन का असते, याचा उलगडा असा एका फटक्यात झाला.

मात्र १९५५ सालीच केंब्रिजहून फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला. मद्रासच्या प्रतिकृतीत दर तीन अमिनो आम्लांमागे दोन हायड्रोजन बंध होते. ते जुळवताना काही अणू अवाजवी जवळ आले आहेत, बंध एकच असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप बोचरा होता, आणि निराधारही नव्हता. रामचंद्रन यांनी मग मुळातला प्रश्न विचारला : दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनांमधील अंतरे गोळा करण्यात आली. त्या कामातूनच व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन यांच्यासह १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला, आज ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून ओळखला जाणारा नकाशा जन्मला. कोणत्याही प्रथिनाची नवी रचना आजही त्यावर पारखली जाते. वादात दुखावलेल्या माणसाने प्रतिपक्षाची फूटपट्टीच नव्याने आखून दिली, असे क्वचितच घडते.

दोर पेशी कसा वळते, हे दरम्यान इतरत्र उलगडत होते. संयोजी ऊतीतील तंतुजनक पेशी आधी सुट्या साखळ्या बनवते आणि त्यांतील काही प्रोलिनांना हायड्रॉक्सिल गट जोडते. या कामाला क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर स्कर्व्ही होऊन हिरड्या रक्ताळतात, जुने व्रण उकलतात. मग तीन साखळ्या पिळल्या जातात. त्यांच्या टोकांना जादा तुकडे असतात, म्हणून पेशीच्या आतच तंतू बनत नाहीत. पेशीबाहेर ते तुकडे छाटले जातात आणि दोर शेजारी शेजारी रचले जाऊन तंतू तयार होतो.

हायड्रॉक्सिल गटांविना हा दोर सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच उकलतो, म्हणजे शरीराच्या उष्णतेत टिकतच नाही. बंगळुरास आलेल्या रामचंद्रन यांनी मंजू बन्सल आणि भटनागर या सहकाऱ्यांसह १९७३ मध्ये सुचवले की, हा गट पाण्याच्या रेणूमार्फत साखळ्यांना सांधत असावा.

तोडण्याची कथा बॉस्टनची. वळलेल्या दोराला सामान्य विकरे दाद देत नाहीत. मग बेडकाच्या पिल्लाची शेपटी विरघळते तरी कशी? जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ मध्ये त्या शेपटीची ऊती कोलॅजेनच्या थरावर वाढवली आणि तिच्यातून स्रवणारे कोलॅजेनेज पकडले. हे विकर दोर जागोजागी कुरतडत नाही. ठरावीक एकाच ठिकाणी, सुमारे तीन-चतुर्थांश लांबीवर, तिन्ही पदर तोडते. उरलेले तुकडे शरीराच्या उष्णतेनेच उकलतात आणि मग इतर विकरे त्यांचा फडशा पाडतात. गर्भाशयाचे आकुंचन असो वा जखमेचे भरणे, पेशी या दोन्ही कामांचा तोल राखत असते.

१९९४ मध्ये कोलॅजेनसदृश पेप्टाइडाची स्फटिकरचना मिळाली. तिपदरी पीळ मद्रासने सांगितला तसाच होता. थेट हायड्रोजन बंध मात्र एकच निघाला, क्रिक आणि रिच यांनी म्हटल्याप्रमाणे. भोवती पाण्याचे रेणू दाटलेले होते. १९९८ मध्ये रोनाल्ड रेन्स यांच्या गटाने हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोरीन बसवून पाहिले. फ्लोरीनला पाण्याशी तसा पूल बांधता येत नाही. तरीही दोर अधिकच टिकाऊ झाला. तेव्हा स्थैर्याचे मुख्य कारण पाण्याचा पूल नसून प्रोलिनच्या कड्याची बैठक आहे, असे दिसले. रामचंद्रन तेव्हा हयात होते. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले.