नाव कोणाचे, मान कोणाचा?

परभणी जिल्ह्यातील चारठाणा हे गाव तेथील यादवकालीन मंदिरांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. या मंदिरांना आपण सहजपणे 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातील, देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. परंतु याच शैलीत गणले जाणारे अंबरनाथचे शिवालय इ.स. १०६० मधील. शैली आधीची, नाव नंतरचे. नाव राहिले आणि दगड घडविणारे विस्मरणात गेले. नाव व कर्तृत्व यांची अशीच फारकत विसाव्या शतकातील एका शोधाच्या इतिहासातही आढळते. मात्र तेथे ज्याने नाव रूढ केले, तोच मानापासून वंचित राहिला, अशी तक्रार आहे.

ते गृहस्थ म्हणजे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले अभियंते व संशोधक नरिंदर सिंग कपानी (१९२६–२०२०). प्रकाश सरळ रेषेतच जातो, हे शालेय जीवनात ऐकलेले विधान आपल्याला पटले नाही, असे ते सांगत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पलीकडे नेऊन दाखविली. तो निबंध जानेवारी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याच अंकात हॉलंडच्या व्हान हील यांचेही टिपण होते. पुढे अमेरिकेत कपानींनी उद्योग उभारले, शंभराहून अधिक पेटंटे मिळविली आणि १९६०च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील लेखाने 'फायबर ऑप्टिक्स' ही संज्ञा सर्वतोमुखी केली.

२००९ चे नोबेल मात्र चार्ल्स काव यांना मिळाले आणि 'कपानींवर अन्याय झाला' अशी हळहळ आपल्याकडे व्यक्त झाली. ती हळहळ आम्हांस समजते. पण ती अर्धीच खरी वाटते. कपानींच्या तंतूंतून प्रकाश हातभर अंतर जाई. काचेतील अशुद्ध द्रव्ये काढल्यास तो कोसच्या कोस जाऊ शकेल, हे १९६६ मध्ये काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले. एका किलोमीटरअंती मूळ प्रकाशाचा शंभरावा भाग उरला तरी दूरसंचारास पुरे, हा त्यांचा हिशोब. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने त्याहून सरस तंतू तयार केला. १९७९ मध्ये दूरध्वनी केंद्रांना जोडणारी भारतातील पहिली प्रकाशतंतूवाहिनी पुण्यात सुरू झाली. तिच्यामागे कपानींचे धाडस आहे, तसेच व्हान हील यांचे आवरण, काव यांचे गणित आणि कॉर्निंगची काचही आहे.

मग अन्याय कोठे आहे? आमच्या मते तो 'जनक' या शब्दात आहे. हा शब्द एकाच माणसाची मागणी करतो आणि उरलेल्यांना दाराबाहेर उभे करतो. वाङ्मयेतिहासातही 'आद्य' कोण यावर आपण पिढ्यानपिढ्या वाद घालत आलो आहोत. २०२१ मध्ये भारत सरकारने कपानींना मरणोत्तर पद्मविभूषण दिले, ते योग्यच झाले. परंतु वर्गात त्यांची कथा सांगताना त्यांना एकमेव जनक ठरविण्यापेक्षा त्यांनी नेमके कोणते पाऊल टाकले, ते सांगावे. त्याने त्यांचे मोठेपण उणावत नाही. चारठाण्याच्या मंदिरांविषयी बोलतानाही हेमाद्रीचे नाव घेऊन थांबू नये. ज्यांची नावे उरली नाहीत, त्या पाथरवटांची आठवण निदान एका वाक्यात तरी करावी.